रांगेत राहिलेलं नाव

ठाणे, मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

दिपे,

हे वाचून लगेच फोन उचलू नकोस. फोन नाही, मेसेज नाही, ऑफिसच्या मेलवर तर अजिबात नाही. काय लिहायचं ते कागदावर लिही आणि राजरत्नकडे दे. तो मंगळवार-गुरुवार-शनिवार तुमच्या डायलिसिस सेंटरवर सॅम्पल उचलायला येतोच. हे पाकीट त्याच्या रक्ताच्या पेटीत वरच्या कप्प्यात ठेवलंय. त्याला काही माहीत नाही. तुझ्यासाठी चकलीची रेसिपी आहे असं सांगितलंय.

अगं, लॅबच्या सर्व्हरमध्ये कोणीतरी शिरलेलं! काल दुपारपासून माझं डोकं चालत नाहीये. चहा समोर गार झाला, शालू दोनदा विचारून गेली, मॅडम बरं नाही का. काय सांगू तिला?

गेल्या वर्षी मी लॉगची एक प्रत दुसऱ्या मशीनवर पाठवायला लावलेली, तू लॅब सोडून गेल्यानंतर. ती काल सहज चाळत होते. १४ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी नऊ दहा. लॉगिन करणाऱ्याचं नाव : पोपट.

सर्रकन काटा आला अंगावर. पोपटसरांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या दहाव्याला आपण दोघी एकाच रिक्षाने गेलेलो, आठवतंय ना? आणि इथे सर मंगळवारी सकाळी येऊन कामाला बसलेत!

मग डोक्यात प्रकाश पडला. आपला दसरा! तो २ तारखेलाच झाला, पण सरांचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक झाला तो तिथूनच. सर गेले त्या वर्षी तूच म्हणालेलीस, सर्व्हर त्यांनी उभा केला, तर त्यांचं खातं पुसायचं नाही, आणि दसऱ्याला पूजा झाली की पहिलं लॉगिन त्यांच्या नावाने करायचं. तेव्हापासून दरवर्षी तेच. सर्व्हरला झेंडूचा हार, आपट्याची पानं, हळदकुंकू, पेढे, आणि मग सगळ्यांसमोर सरांचा पासवर्ड. यंदा टाइप करायचा मान शालूचा होता आणि अख्खी लॅब एका सुरात तिला अक्षरं सांगत होती. झाडूपोछा करणाऱ्या रंगूबाईंनासुद्धा पाठ आहे तो. मी म्हणायचे, सरांच्या खात्याला अधिकार तरी कसले आहेत? साधी फाइल उघडता येत नाही. राहू दे बिचारं नाव.

तर त्या बिचाऱ्या नावाने चाळीस सेकंदांत अख्ख्या मशीनची मालकी घेतली. चाळीस सेकंद, दिपे! आत काय केलं ते ठाऊक नाही, कारण मूळ लॉग पुसून टाकलाय.

आणि चूक माझी आहे, ते तुझ्यापासून कशाला लपवू. सर्व्हरच्या गाभ्याचं, कर्नलचं, अपडेट सप्टेंबरमध्येच आलेलं, नेटवर्कच्या रांगेत काही गडबड आहे म्हणून. वाचलं मी. मशीनवर आधी साधं खातं असेल तरच धोका, असं लिहिलेलं. म्हटलं आपल्याकडे कोण बाहेरचा येतोय! शिवाय अपडेट करायचं तर सर्व्हर बंद-चालू करायला हवा. नवरात्रात टेंभी नाक्यावरचं तपासणी शिबिर होतं, मग दिवाळी आली. लॅबचे डॉक्टरसाहेब म्हणाले नंतर करा, मीही रेटलं नाही. काल केलं अपडेट. बैल गेला आणि मी झोपा करत बसले.

तुझ्याशिवाय कोणाला विचारू? सरांनंतर या कर्नलमधलं कळणारं माणूस तूच. नेमकं काय केलं असेल त्याने? आणि आता मी काय करू?

तुझी तब्येत कशी आहे? तुझ्या भावाची, जयेशची किडनी तुला जुळत नाही हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाहीये. दुसरा कोणी दाता मिळतोय का ते कळव.

तुझी
हेमांगी


डोंबिवली, गुरुवार, १३ नोव्हेंबर

हेमे,

चकलीची रेसिपी मिळाली. राजरत्न म्हणाला, मॅडमनी पाकीट देताना देवाची शपथ घ्यायला लावली. चकलीसाठी! जरा जपून.

अक्षर वेडंवाकडं आहे, समजून घे. डाव्या हातात सुया आहेत आणि पॅड मांडीवर आहे.

आधी रडणं बंद कर. तुझ्यासारख्या हजारो लोकांनी ते अपडेट पुढे ढकललं असेल.

आता काय झालं ते सांगते. मशीनमधून बाहेर जाणारी प्रत्येक माहिती लहान लहान पुड्यांत जाते, आणि प्रत्येक पुडी आधी रांगेत उभी राहते. कुठली रांग आधी सोडायची ते कर्नल ठरवतो, आणि त्यासाठी स्वतःपाशी चालू रांगांची यादी ठेवतो. तुमच्या दिवा गावातल्या सोसायटीत टँकर येतो तेव्हाचं आठव. बायका हंडा रांगेत ठेवून घरी भाजी टाकायला जातात, टँकरवाल्याकडे यादी असते, तिसरा हंडा सेक्रेटरींचा, त्याला विचारायचं नाही, भरायचा. समज सेक्रेटरी सोसायटी सोडून गेले, हंडाही उचलून नेला, पण यादीत नाव तसंच राहिलं. तिसरी जागा रिकामी आहे. मी गुपचूप माझा हंडा तिथे आणून ठेवला. टँकरवाला यादी बघणार आणि सेक्रेटरींचा मान मला देणार.

इथे तेच झालंय. रांग मोडली, तिची मेमरी मोकळी केली, पण यादीतून नाव काढायचं राहिलं. त्या मोकळ्या जागेत आपल्याला हवं ते भरता येतं, आणि कर्नल ते आपलंच समजून पाळतो. साधं खातं त्या क्षणी मालक होतं. असले तयार प्रोग्राम नेटवर पडलेले असतात, थोडं इकडेतिकडे जुळवायचं, बस्स.

करायचं एवढंच. मशीन पूर्ण पुसून नवीन भर. जुनं काही उकरत बसू नकोस, बॅकअपसुद्धा नको, त्यातही काही लपलं असेल. याच आठवड्यात कर. आणि सरांचं खातं काढून टाक. माझंच खूळ होतं ते.

तब्येत आहे तशीच आहे. पाणी दिवसाला पाऊण लिटर. मासे बंद, नारळपाणी बंद, कोळ्याच्या पोरीला आणि काय शिक्षा द्यायची? दाता कोणी नाही. आयला शुगर, बाबाचं वय. वाट बघायची.

दिपिका


ठाणे, शनिवार, १५ नोव्हेंबर

दिपे,

तुझा टँकर वाचून मला सगळं कळलं. तीन वर्षं या खुर्चीत बसतेय आणि हे आज कळलं, लाज वाटते.

पण मशीन अजून पुसलं नाही. रागावू नकोस. आत काय केलं हे न बघता पुसायचं तर माझ्या जिवाला चैन पडणार नाही, चाळीस हजार लोकांचे रिपोर्ट आहेत त्यात. म्हणून ऑक्टोबरच्या १३ तारखेचा बॅकअप आणि १४ तारखेचा बॅकअप शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघितली. दोन दिवस लागले.

काय निघालं, सांगू? जुन्या नोंदींत बदललेली एक ओळ. एकच! कोणाची माहिती चोरली नाही, काही बंद पाडलं नाही, खंडणीची चिठ्ठी नाही. अख्खं घर उघडं असताना चोराने एका रिपोर्टातला एक शब्द बदलला आणि दार ओढून निघून गेला. क्रॉसमॅचचा रिपोर्ट आहे. दाता आणि रुग्ण यांचं रक्त एकत्र करून बघतात तो. निगेटिव्ह होतं तिथे पॉझिटिव्ह केलंय. मी शालूला विचारलं, यात चांगलं काय आणि वाईट काय? ती म्हणाली, या टेस्टमध्ये निगेटिव्ह म्हणजे जुळलं, पॉझिटिव्ह म्हणजे रुग्णाचं रक्त दात्याच्या पेशींवर तुटून पडतंय, किडनी द्यायची नाही.

 कोणाची तरी किडनी अडवली गं कोणीतरी! तो रुग्ण आत्ता कुठे असेल, जिवंत तरी असेल का? तुला हे लिहिताना मला कसं होतंय ते तूच समज.

नाव माहीत नाही. सरांचा नियम, आपल्याला फक्त नंबर दिसतो, नावांची यादी डॉक्टरसाहेबांपाशी. ते गावी गेलेत, शुक्रवारी येतील. शालूच्या वहीतही नंबरच आहे, आणि त्यापुढे तिच्या हाताने निगेटिव्ह लिहिलंय. म्हणजे टेस्टच्या मशीनने बरोबर सांगितलेलं.

आणि बस खाली, मग पुढचं वाच. लॉगिन तुमच्या सेंटरमधल्या आपल्या लॅबच्या काउंटरच्या वायफायवरून झालंय. तू पलीकडच्या खोलीत होतीस तेव्हा! मंगळवारी सकाळी काउंटरपाशी कोण असतं, जरा आठवून बघ.

हेमांगी


डोंबिवली, मंगळवार, १८ नोव्हेंबर

हेमे,

काउंटरपाशी सकाळी दुनिया असते. मला खोलीतून काही दिसत नाही, पंखा दिसतो.

तुला एक सांगू? सोडून दे. वहीत एक आणि सर्व्हरवर दुसरं, असं टायपिंगमध्येही होतं. उगाच डॉक्टरसाहेबांच्या कानावर घालशील आणि पहिला प्रश्न तुलाच येईल, की अपडेट का नाही केलं. तुझी नोकरी जाईल. दिव्याच्या घराचा हप्ता, सासूबाईंचं औषध, सगळं तुझ्यावर आहे. मशीन पूस, नवीन भर, विषय संपव. ज्याचा रिपोर्ट आहे त्याचे डॉक्टर सहा महिन्यांनी परत टेस्ट करतातच.

आज फार लिहिवत नाही. काल पाय सुजले, वजन दोन किलो जास्त आलं, मशीनने जास्त पाणी ओढलं आणि मला गरगरतंय. जयेश बाहेर बसलाय. तो मला सोडायला येतो आणि चार तास हलत नाही. काउंटरच्या पोरीचा प्रिंटर अडकला की दुरुस्त करून देतो. त्याच्या बायकोला, ऐश्वर्याला आठवा लागलाय, तिच्यापाशी घरी थांब म्हटलं तर ऐकत नाही.

माझं ऐक हेमे. एकदा तरी.

दिपिका


ठाणे, शनिवार, २२ नोव्हेंबर

दिपिका,

कसं लिहू हे? तीन कागद फाडले.

डॉक्टरसाहेब काल आले. मी सगळं सांगितलं, अपडेटचंही. ते उठले. मग कपाट उघडून यादी काढली आणि बोट ठेवलं. तो नंबर जयेशचा आहे. आणि रुग्णाचं नाव तू.

तुझी आणि जयेशची किडनी जुळते, दिपे! १३ ऑक्टोबरलाच जुळली होती. पाच आठवडे झाले. पाच आठवडे तू सुया टोचून घेतेयस, पाऊण लिटर पाण्यावर राहतेयस, आणि तो बाहेर बसून प्रिंटर दुरुस्त करतोय!

दुसरं कोण असणार, तूच सांग. सकाळी नऊ वाजता तू मशीनला बांधलेली. काउंटरपाशी तोच. कल्याणला नेटवर्किंगचा कोर्स केलेला त्यानेच, तूच नाव घातलंस. मागच्या दसऱ्याला तुझ्याबरोबर पूजेला आलेला, पेढा खाल्ला, सगळ्यांबरोबर सरांचा पासवर्ड म्हटला. तयार प्रोग्राम नेटवर मिळतो म्हणून तूच लिहिलंस. नाही द्यायची तर नाही म्हणायचं होतं मेल्याने! सरळ तोंडावर सांगायचं, मला भीती वाटते. कोणी फासावर दिलं नसतं. पण सख्ख्या बहिणीचा रिपोर्ट खोटा करायचा? आणि वर नऊ दिवसांनी भाऊबीजेला पाटावर बसून ओवाळून घ्यायचं? कुठल्या तोंडाने बसला असेल गं तो?

मला माफ कर, तुझा भाऊ आहे. पण मी रात्रंदिवस जळतेय. तुला हे पत्रातून कळवावं लागतंय याचंही वाईट वाटतं, पण मी स्वतः तिथे आले असते तर त्याच्या कानाखाली आवाज काढला असता.

डॉक्टरसाहेब पोलिसांत जायचं म्हणतायत. मी म्हटलं, आधी दिपिकाशी बोलू दे.

खरा रिपोर्ट सोबत जोडलाय. नीट जपून ठेव.

हेमांगी


डोंबिवली, मंगळवार, २५ नोव्हेंबर

हेमे,

जयेशला एक शब्द बोलू नकोस. त्याने काही केलेलं नाही.

मी केलंय.

बस, लिहिलं एकदाचं. आता सगळंच सांगते. डावा हात मशीनला असतो, उजवा मोकळा असतो. लॅपटॉप पोटावर ठेवला की नर्सला वाटतं मी सिनेमा बघते. प्रोग्राम घरी आठवडाभर जुळवून ठेवलेला. काउंटरचं वायफाय माझ्या पलंगापर्यंत पोचतं, आणि टेस्टचा नंबर आमच्या पावतीवर होताच. एका हाताने टाइप केलं, म्हणून चाळीस सेकंद लागले, नाहीतर वीसमध्ये झालं असतं. तू लॉगची प्रत दुसरीकडे ठेवतेस हे मला माहीत नव्हतं. हुशार झालीस.

तुला खोटं लिहिलं. मशीन पूस म्हटलं ते बॅकअप जावा म्हणून. तुझ्या नोकरीची भीती घातली, सासूबाईंचं औषध मध्ये आणलं. त्याबद्दल तू मला काय हव्या त्या शिव्या दे.

आता का ते ऐक. गणपतीत अख्खी भावकी घरी जमलेली. बाबा जेवता जेवता म्हणाला, "जयेश देल किडनी. ठरलं." जयेशला विचारलंच नाही. तो मान खाली घालून "हो" म्हणाला आणि ताटातला भात तसाच ठेवला. संध्याकाळी मी खाडीवर गेले तर हा होडीच्या आडोशाला ओकत होता. सुईला घाबरणारं पोरगं ते, लहानपणी शाळेत लस टोचायला आले की संडासात जाऊन लपायचं. वर ऐश्वर्याला पाचवा लागलेला. याला काही झालं तर तिचं काय, होणाऱ्या लेकराचं काय?

मी आयला म्हटलं, मला जयेशची नको. ती म्हणाली, "आजारी माणसाचं ऐकायचं नसतं." बाबाला म्हटलं, तो उठून गेला. डॉक्टरांना म्हटलं, ते हसून म्हणाले, भावनेच्या भरात असं वाटतं. माझ्याच अंगात बसवायची किडनी आणि माझं "नको" ऐकायला कोणी तयार नाही! मग म्हटलं, माणसांचं ऐकत नाहीत ना, कागदाचं ऐकतील. आणि ऐकलं. रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हापासून बाबाने विषय काढला नाही. जयेश बाहेर जाऊन ढसाढसा रडला. सुटला बिचारा, असं वाटून मला त्या दिवशी कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

सरांचं खातं वापरलं त्याची मात्र मला लाज वाटते. त्यांनीच मला कर्नल उघडून दाखवलेला, त्यांच्याच नावाने मी हे केलं.

हेमे, हात जोडते. तो रिपोर्ट तसाच राहू दे. मी मशीनवर राहीन. लोक पंधरा पंधरा वर्षं राहतात.

तुझी
दिपी


ठाणे, गुरुवार, २७ नोव्हेंबर

दिपे,

पत्र राजरत्नच्या समोरच उघडलं आणि खुर्चीत बसून राहिले. तो म्हणाला, मॅडम, चकली बिघडली का? मी म्हटलं, हो रे, पार बिघडली.

मला अजून खरं वाटत नाहीये. तू! ज्या बाईने मला शिकवलं की दुसऱ्याच्या रिपोर्टकडे नजरसुद्धा टाकायची नाही, ती तू. मी जयेशला मेल्या म्हटलं, त्याला मनात चार वेळा फाशी दिली, आणि तो बाहेर बसून तुझी चार चार तास वाट बघत होता.

शिव्या देणार आहेच. मूर्ख आहेस तू. अक्कल गहाण टाकलेली बाई. लोक पंधरा वर्षं राहतात म्हणे! तुझ्या डॉक्टरांचं ऑगस्टचं पत्र तूच मला दाखवलेलंस, हृदयावर ताण येतोय, वर्षाच्या आत करा म्हणून. ते विसरलीस का मला विसरायला लावतेयस?

तुझ्यावर जबरदस्ती झाली, पटलं. बाबांचं चुकलं, आयचं चुकलं, डॉक्टरांचंही चुकलं. पण तू काय वेगळं केलंस गं? बाबांनी जयेशला न विचारता "हो" ठरवलं, तू त्याला न विचारता "नाही" ठरवलंस. तो ओकला म्हणजे त्याला द्यायची नाही, हे तुला कोणी सांगितलं? मी लॉग वाचून त्याला चोर ठरवला, तू उलटी बघून त्याला भित्रा ठरवलंस. आपण दोघींनी मिळून त्याचं वाटोळं केलंय, आणि तो अजून प्रिंटर दुरुस्त करतोय.

रिपोर्ट तसा राहणार नाही. डॉक्टरसाहेबांना मी तुझं नाव सांगितलं. लपवणं मला जमलं नसतं. ते डोक्याला हात लावून बसले. पोलिसांचं तुझ्या ऑपरेशनचा काय तो निकाल लागल्यावर बघू म्हणाले, तोवर तुला आणि मला दोघींनाही लेखी जबाब द्यायचाय. सरांचं खातं मी माझ्या हाताने काढलं. रंगूबाई रडल्या.

सोमवारी लॅबमधून खरा रिपोर्ट तुमच्या हॉस्पिटलला जाईल आणि जयेशला फोन जाईल. त्याआधी रविवारपर्यंत तू त्याला सांग. दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तो मरेपर्यंत विसरणार नाही. आणि हॉस्पिटलमध्ये दात्यांचं काम बघणाऱ्या बाईंशी मी बोलले. दात्याला एकट्याला खोलीत बसवून विचारतात. त्याने नाही म्हटलं तर घरच्यांना कारण कळू देत नाहीत, तब्येतीमुळे चालत नाही एवढंच सांगतात. तसा रस्ता होता, दिपे. तू विचारलं असतंस तर.

आणि तुलाही नको म्हणायचा हक्क आहे. तिथे एकटीने जाऊन म्हण, खऱ्या रिपोर्टावर म्हण. मी तुझ्या बाजूने आयच्या तोंडाला तोंड देईन. पण खोट्यावर नाही.

हेमांगी


डोंबिवली, रविवार, ३० नोव्हेंबर

हेमे,

सांगितलं. कागद हातात दिला. त्याने दोनदा वाचला आणि खाडीवर गेला. तीन तास झाले. ऐश्वर्या मला विचारतेय, ताई, काय झालं?

दिपी


डोंबिवली (प.), मोठागाव
रविवार, ४ जानेवारी २०२६

हेमांगीताई,

मी जयेश. आपण दसऱ्याला एकदा भेटलेलो. हे पत्र राजरत्नदादाकडे देतोय, कारण तुम्ही दोघी असंच करता असं तो म्हणाला. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर माफ करा.

पहिलं म्हणजे तुम्ही मला चोर समजलात, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तुमच्या जागी मीही समजलो असतो. ताईने तुमची सगळी पत्रं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, वाच. वाचली. तुमच्या त्या "मेल्या"ला हसलो पण.

ताईचं मात्र डोक्यातून जात नाही. त्या दिवशी कागद वाचून मी होडीत जाऊन बसलो. भरती येऊन गेली, मी तिथेच. मला काहीच कळेना. म्हणजे मी दीड महिना रोज रात्री विचार करतोय की माझ्याच रक्तात काय खोट आहे, बहिणीच्या कामाला येत नाही ते रक्त कसलं, आणि हे सगळं तिने एका हाताने टाइप केलेलं! रिपोर्टच्या दिवशी मी रडलो ते सुटलो म्हणून रडलो, असं तिला वाटलं. एकदा बाहेर येऊन विचारलं असतं तर?

हो, मी ओकलेलो. घाबरलेलोच. आजही घाबरतो, सुई बघितली की माझे पाय गार पडतात. पण हेमांगीताई, वादळी हवेत खाडीच्या तोंडाला जाताना पण मी घाबरतो, आणि जातोच ना! बाबाने मला विचारलं नाही हे खरं. विचारलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं. कोणी विचारलंच नाही, त्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

मागच्या मंगळवारी किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या कमिटीपुढे गेलो. बाबाला बाहेर थांबवलं. एक बाई होत्या, कॅमेरा चालू होता. त्या म्हणाल्या, कोणाचा दबाव आहे का, तुम्ही स्वतःच्या मर्जीने देताय का? मला पटकन बोलता येईना.  त्यांना वाटलं मी घाबरून मागे फिरतोय, त्या म्हणाल्या नाही म्हटलं तरी चालेल, बाहेर कोणाला कळणार नाही. मी म्हटलं, बाई, थांबा जरा, मला हो म्हणायचंय. मग पाणी प्यायलो आणि हो म्हटलं.

नंतर ताईला आत बोलावलं. ती काय म्हणाली मला माहीत नाही. अर्धा तास होती. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले आणि हातात सही केलेला संमतीचा कागद होता.

ऐश्वर्याला मुलगी झाली, २२ डिसेंबरला. दोघी बऱ्या आहेत. बाबा आता प्रत्येक गोष्ट विचारतो, जयेश, चहा टाकू का, जयेश, जाळं आज टाकायचं का. वैताग आलाय.

ऑपरेशन २० तारखेला मंगळवारी आहे, सकाळी आठला. एक काम होतं तुमच्याकडे. तो कागद वाचला त्या दिवसापासून मी ताईशी बोलत नाही. सेंटरवर सोडतो, चार तास बसतो, घरी आणतो, पण बोलत नाही. ती खूप प्रयत्न करते, मला जमतच नाही. किडनी देणार, बोलणार नाही. किती दिवस ते मलाच माहीत नाही. तर तुम्ही ऑपरेशनच्या दिवशी याल का? दोघांना वेगवेगळ्या खोलीत ठेवणार आहेत. शुद्धीवर आलो की ती कशी आहे ते मला सांगायला कोणीतरी लागेल.

आपला
जयेश